गळ्यातला ताईत आणि चार कोपऱ्यांतले फरिश्ते

गेल्या वर्षी आमच्या नातवाचं बारसं सुरतेत झालं. त्या दिवशी पाळण्यापाशी दोन रक्षक दागिने आले. पहिला लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलेला. चांदीची नाजूक साखळी, तिला दोन पंख आणि मधे एक बारीक खडा. डबीवर लिहिलं होतं, ‘गार्डियन एंजल’. दुसरा माझ्या आईने अमळनेरहून आणलेला. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा ताईत, करंगळीच्या दोन पेरांएवढा, दोन्ही बाजूंना टोपणं आणि वर दोन कडी. हा ताईत लहानपणी माझ्या गळ्यात होता, पुढे माझ्या लेकीच्या गळ्यात होता. आता पणतवाची पाळी.

ताइताचं एक कडं झिजून तुटलं होतं. म्हणून डाख द्यायला मी तो एका सोनाराकडे नेला. त्याने फुंकणीची ऊब दिली मात्र, आतली जुनी लाख सुटली आणि टोपण निघून हातात आलं. सोनार घाबरून थांबला. आत कागदाची घट्ट गुंडाळी होती, तंबाखूच्या पानासारखी तपकिरी झालेली. त्याने ती हात न लावता माझ्यापुढे सरकवली. ‘साहेब, हे तुमचं तुम्ही बघा.’

मी इंजिनियर माणूस. तीस वर्षं हजिऱ्याकडच्या एका कारखान्यात काढली. बंद नळी दिसली की तिच्यातून काय वाहतं हे विचारायची सवय. घरी येऊन चिमट्याने कागद उलगडला. तीन आडवी, तीन उभी अशी नऊ घरांची चौकट, प्रत्येक घरात फारसी आकडा आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांबाहेर चार शब्द. आकडे मला वाचता येतात. सुरतेच्या जुन्या कबरींवरची सालं वाचता वाचता शिकलो आहे. शब्दांसाठी मात्र तापीपलीकडे रांदेरला एका वृद्ध स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि घड्याळाच्या दिशेने चार नावं वाचली : जिब्रईल, मिकाईल, इस्राफील, इज्राईल.

म्हणजे ‘गार्डियन एंजल’ आमच्या घरात आधीपासूनच होते. एक नव्हे, चार. आणि ते पंखवाल्या साखळीत नव्हते, खानदेशातल्या एका हिंदू शेतकरी घराच्या ताइतात होते. ते तिथे कसे पोचले, या प्रश्नाच्या मागे मी वर्षभर फिरलो. त्या फिरण्याचा हा वृत्तान्त. आपल्या मंडळाच्या बैठकीत याचा काही भाग वाचला होता. इथे तो सविस्तर देतो.

शब्दापासून सुरुवात

‘अमक्याच्या गळ्यातला ताईत’ असं आपण सहज म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘फार लाडका’ असा घेतो. ताईत हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो बाहेरून आला असेल, अशी शंकाही येत नाही. पण मूळ अरबी शब्द आहे ‘तअवीज’. त्याचा धातू आसरा घेणे, शरण जाणे या अर्थाचा. कुराणातल्या शेवटच्या दोन सूरा, फलक आणि नास, अशाच आसरा मागणाऱ्या आहेत आणि त्या जोडीला याच धातूवरून ‘मुअव्विजतैन’ म्हणतात. उर्दूत तावीज, मराठीत घासून गुळगुळीत होऊन ताईत. म्हणजे शब्दाच्या अर्थाप्रमाणे ताईत ही नळी नव्हेच. ताईत म्हणजे आतली विनवणी. नळी हे तिचं नुसतं पाकीट.

याचा अर्थ अंगावर रक्षक वस्तू बांधायची रीत आपण बाहेरून घेतली, असा मात्र नाही. अथर्ववेदात ‘मणि’ बांधण्याची सूक्ते आहेत : जंगिड वनस्पतीचा मणी, पर्णाचा म्हणजे पळसाचा मणी, शंखाचा मणी. नंतरच्या काळात कवच हा शब्द आला आणि त्यात एक गंमत झाली. कवच म्हणजे चिलखत, आणि कवच म्हणजे अंगाच्या एकेका भागाचे रक्षण मागणारे स्तोत्रही. संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणणाऱ्या घरात तेच चाललेले असते. डोके, कपाळ, डोळे, कान असे क्रमाने एकेक अवयव कुणाच्या तरी हवाली करायचा. मी कारखान्यात सेफ्टी ऑडिट करायचो तेव्हाची चेकलिस्ट मला रामरक्षेसारखीच वाटायची, हे कबूल करतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर आपल्याकडे दागिना आणि रक्षा वेगळे काढताच येत नाहीत. चांदीत मढवलेली वाघनखे, काळे मणी घातलेल्या मनगट्या, दृष्टमणी, श्रावणात पूजली जाणारी जिवती. शिवाय पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. हे मला फार महत्त्वाचे वाटते. नशीब लिहिलेले असते, तर त्यापासूनचे रक्षणही लिहिलेलेच असावे, हा हिशेब त्यात आहे. ज्या समाजात शंभरातली कितीतरी बाळे वर्षाची होत नसत, तिथे हा हिशेब आयांनी किती जीव लावून मांडला असेल, याची कल्पना आज येणार नाही.

नऊ घरांचा हिशेब

आता कागदाकडे वळू. आकडे असे होते. पहिली ओळ ४, ९, २. दुसरी ३, ५, ७. तिसरी ८, १, ६. आडवी बेरीज करा, उभी करा, तिरपी करा, उत्तर १५. एक ते नऊ हे आकडे एकेकदाच वापरून असा चौरस बनवायचा, तर तो मुळात एकच बनतो. फिरवून आणि आरशात पाहून त्याचीच आठ रूपे होतात. इंजिनियरला यात जादू दिसो न दिसो, निर्दोष बांधणी नक्की दिसते. कुठूनही तपासा, तोल ढळत नाही. संकटात सापडलेल्या माणसाला नेमके तेच हवे असते.

हा चौरस कुण्या एका धर्माचा नाही. आपल्याकडे तो पंधराचे यंत्र म्हणून ओळखला जातो. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा, ३४ बेरजेचा चौरस कोरलेला आहे. इ. स. १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अशा चौरसांचे शास्त्र मांडले आणि त्याला भद्रगणित म्हटले. त्याच्याही आधी, सुमारे ९०० सालच्या वृंदाच्या ‘सिद्धयोग’ या वैद्यक ग्रंथात नऊ घरांचा, ३० बेरजेचा चौरस सांगितला आहे. कशासाठी? अडलेल्या बाईची सुटका व्हावी म्हणून. म्हणजे बाळ-बाळंतिणीशी या चौरसाचे नाते हजार वर्षांहून जुने.

मुसलमान परंपरेत याच चौरसाला आणखी एक पदर आहे. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते; या पद्धतीला अबजद म्हणतात. आपल्या चौरसाच्या कोपऱ्यांत २, ४, ६, ८ येतात. त्यांची अक्षरे ब, द, व, ह. जोडून वाचा : बदूह. चौरसातून निघालेला हा शब्द इतका बळावला की लोक ते एखाद्या जिन्नाचे नाव समजू लागले. पत्र सुखरूप पोचावे म्हणून पाकिटावर बदूह किंवा नुसता ८६४२ हा आकडा लिहीत. आजच्या भाषेत ट्रॅकिंग नंबर म्हणा हवं तर.

आणि कोपऱ्यांबाहेर चार फरिश्ते. जिब्रईल संदेश आणणारा, मिकाईल पाऊस आणि अन्न पाहणारा, इस्राफील शेवटच्या दिवशी तुतारी फुंकणारा आणि इज्राईल प्राण नेणारा. मला प्रथम नवल वाटले ते चौथ्याचे. बाळाच्या ताइतात मृत्यूच्या दूताचे नाव? रांदेरच्या स्नेह्यांना विचारलं तर ते हसले. ‘अहो, ज्याला बाहेर ठेवायचंय त्यालाच दारावर उभं करायचं. तो पाहुणा झाला की चोर होत नाही.’ हे शास्त्र नव्हे, त्यांचं मत. पण आपल्याकडे सटवाईला नैवेद्य दाखवतात तो वेगळ्या कारणाने नसावा.

ही सगळी विद्या दख्खनमध्ये किती रुळली होती, ते ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात दिसते. जाफर शरीफ यांनी लिहिलेला आणि हर्क्लॉट्स या मद्रासकडच्या डॉक्टराने इंग्रजीत आणलेला हा ग्रंथ १८३२ मध्ये लंडनला छापला गेला. त्यात चौरसांची अग्नी, वायू, जल, पृथ्वी या तत्त्वांनुसार मांडणी आहे. लोकव्यवहारात तावीज वापरण्याचे प्रकारही त्याप्रमाणे : कुठला जाळायचा, कुठला झाडाला टांगायचा, कुठला पाण्यात सोडायचा, कुठला पुरायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तावीज म्हणजे केवळ वस्तू नव्हती. ती कशी वापरायची आणि शेवटी तिचं काय करायचं, हेही तिच्यासोबत येत असे.

मक्केच्या दारात

हे सगळे सुरतेशी कसे जोडले जाते? आपण मराठी माणसे सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० या दोनच सालांनी शहराकडे पाहतो. पण महाराज ज्या श्रीमंत बंदरावर चालून आले, ते मुघल हिंदुस्थानातले हज यात्रेचे मुख्य बंदरही होते. त्याला ‘बाब-उल-मक्का’, मक्केचे दार, म्हणत. १६४४ मध्ये शाहजहानच्या काळात यात्रेकरूंसाठी बांधलेली मुघल सराई आजही उभी आहे. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय तिच्यातच आहे. घरपट्टी भरायला जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की आपण हाजींच्या मुक्कामाच्या जागी रांगेत उभे आहोत?

समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचे काम. १६९५ मध्ये मक्केकडून सुरतेला परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. वादळे आणि रोगराई होतीच. मालाची जोखीम सुरतेचे सराफ विमा उतरवून घेत. माणसाच्या जिवाची जोखीम कोण घेणार? त्यासाठी होता इमाम जामिन. प्रवासाला निघताना कापडात एक नाणे गुंडाळून दंडाला बांधायचे, आठवे इमाम अली रझा यांच्या नावाने. ‘जामिन’ म्हणजे आपल्या कोर्टात चालतो तोच जामीन, हमी घेणारा. सुखरूप पोचलो की ते नाणे सोडून दानधर्म करायचा. पाहा, करार किती स्वच्छ आहे : हमीदार कोण, मुदत किती, हप्ता किती आणि तो कुणाला द्यायचा. सराफाच्या विमापत्रात याहून वेगळं काय असेल?

दुसरी वस्तू अकीक. राजपिपळ्याकडच्या रतनपूरच्या खाणीतून निघणारा हा दगड शेणाच्या मंद आगीत भाजला की त्याचा तपकिरी रंग लाल होतो. खंभातचे कारागीर त्याला पैलू पाडत, मणी आणि अंगठ्यांचे खडे बनवत. रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे. मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजाचे ते श्रद्धास्थान आणि अकीकवाल्यांचे मूळपुरुषही. सतराव्या शतकात इंग्रज आणि इतर व्यापारी सुरतेत हा माल घेत. अरबस्तानात आणि इराणात अकीकाची अंगठी पुण्याची मानली जाते. आयत-उल-कुर्सीसारखी कुराणातली वचने कोरलेले अकीकाचे ताईत जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. म्हणजे गुजरातचा दगड समुद्रापार जाऊन रक्षक झाला आणि समुद्रापारचा शब्द इकडे येऊन ताईत झाला. दोन्हींची ये-जा तापीच्या मुखातून.

या देवघेवीत सुरतेतल्या दर्ग्यांचा मोठा वाटा आहे. ख्वाजा दाना यांच्या दर्ग्यात आजही हिंदू बाया मूल घेऊन जातात, हे मी डोळ्यांनी पाहतो. आणि १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरत ते अमळनेर धावू लागली, तेव्हा खानदेश या शहराच्या एका रात्रीच्या अंतरावर आला. आज लिंबायत आणि उधन्यात जी अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते, ती याच रुळांवरून आलेली. आमचा ताईतही याच रुळांवरून गेला असणार, फक्त उलट दिशेने.

पंख कुठून आले

आता पहिल्या दागिन्याकडे, पंखांच्या साखळीकडे वळतो. सुरतेत पंख म्हटले की मला पारशी आठवतात. इथल्या पारशांच्या दोन आतशबेहराम १८२३ या एकाच वर्षी स्थापन झाल्या, एक शहेनशाही आणि एक कदमी. आज पारशी तरुणांच्या गळ्यात सोन्याचा फरोहर दिसतो : पसरलेले पंख, मधे दाढीवाला पुरुष, हातात कडे. विचारलं की सांगतात, हा आमचा ‘गार्डियन एंजल’. अवेस्तामधली फ्रवशी म्हणजे प्रत्येक माणसासोबत असणारे रक्षक आत्मतत्त्व. फरवर्दीन यश्त हे तिचेच स्तवन. इंग्रजी अनुवादकांनी तिला ‘रक्षक देवदूत’ केले.

पण चित्राची गोष्ट निराळी आहे. ते चित्र बेहिस्तून आणि पर्सेपोलिसच्या खडकांवरचे, दारयवहूच्या काळातले, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. तिथे त्याखाली ‘ही फ्रवशी’ असे लिहिलेले नाही. शिवाय अवेस्तात फ्रवशी हा शब्द स्त्रीलिंगी, आणि चित्रात दाढीवाला पुरुष. एकोणिसाव्या शतकात या शिल्पांची रेखाटने छापून आली, त्या शतकाच्या अखेरीपासून ती पारशी वास्तूंवर उतरली आणि विसाव्या शतकात गळ्यात आली. चित्र प्राचीन आहे, तत्त्व प्राचीन आहे. दोघांची जोडी मात्र आपल्या पणजोबांच्या पिढीतली.

मग त्याआधी पारशांचे रक्षण कशात होते? पहिले उत्तर अवेस्ताच्या बेहराम यश्तात आहे. तिथे जरथुष्ट्र विचारतो, मला कुणी शाप दिला तर उपाय काय? उत्तर मिळते : वारेघ्न पक्ष्याचे पीस घे, अंगावरून फिरव, शाप उलटेल. पंखाचा ताईत म्हणावा तर हा खरा जुना ताईत. या अवेस्ताची ओळख युरोपला झाली ती सुरतेतून. आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच तरुण १७५८ ला सुरतेत आला, दस्तूर दाराब यांच्याकडे शिकला, १७६१ ला हस्तलिखिते घेऊन गेला आणि १७७१ मध्ये पॅरिसला त्याचा अनुवाद छापला.

दुसरे उत्तर लिहिलेल्या मंत्राचे. सुमारे हजार सालच्या आसपास अल्-बिरूनी लिहितो की इस्फंदारमद महिन्याच्या त्याच नावाच्या दिवशी इराणी लोक पहाटेपासून सूर्योदयापर्यंत चौकोनी कागदांवर मंत्र लिहितात आणि विंचू येऊ नयेत म्हणून घराच्या तीन भिंतींवर लावतात. चौथी भिंत मोकळी. का? चारही बंद केल्या तर विंचवांना बाहेर जायला वाट कुठली! हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. प्रत्येक सेफ्टी ड्रॉइंगमध्ये ‘एमर्जन्सी एक्झिट’ दाखवायला लागते तशीच ही सोय. हाच मंत्र पारशी समाजात टिकून होता आणि जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९०० च्या सुमारास त्यावर निबंध वाचला. इस्फंदारमद म्हणजे पृथ्वी सांभाळणारी, सात अमशास्पंदांपैकी एक. इंग्रजीत या सातांना मुख्य देवदूत म्हणतात. म्हणजे इथेही देवदूत आहे, पण नाव आणि दिवस यांच्या रूपाने. पंखांच्या रूपाने नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत आवडते. नवजोतेच्या वेळी पारशी मूल सुदरा घालते आणि बहात्तर धाग्यांची कुस्ती कमरेला तीन वेढ्यांनी बांधते. सुदऱ्याला गळ्यापाशी पुढे एक चिमुकला खिसा असतो. त्याला गिरेबान म्हणतात, पुण्याची थैली. तो रिकामाच असतो. सत्कृत्यांनी भरायचा, अशी त्याची शिकवण. आमच्या ताइतात कुणीतरी लिहून दिलेला कागद होता. त्यांच्या गळ्याशी रिकामा खिसा आहे आणि भरायची जबाबदारी घालणाऱ्याची. जागा तीच, गळ्याची. व्यवस्था अगदी वेगळी.

ख्रिस्ती कलेतही देवदूताला पहिल्यापासून पंख नव्हते. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून ते दिसू लागतात. रक्षक देवदूतांचा सण पोप पाचवे पॉल यांनी १६०८ मध्ये मान्य केला आणि १६७० मध्ये पोप दहावे क्लेमंट यांनी २ ऑक्टोबर ही तिथी सर्वत्र लागू केली. योगायोग असा की त्याच १६७० सालच्या ३ ऑक्टोबरला मराठी फौजा दुसऱ्यांदा सुरतेत शिरल्या. कुराणात फरिश्त्यांना दोन, तीन, चार पंख असल्याचा उल्लेख आहे आणि मुघल चित्रकारांनी पंखवाले फरिश्ते हौसेने रंगवले आहेत. तेव्हा पंख सुरतेला अनोळखी नव्हते. पण ते चित्रात होते. अंगावर बांधायचं होतं तेव्हा लोकांनी नाव बांधलं, नाणं बांधलं, धागा बांधला.

सप्टेंबर १९९४

इथपर्यंतचं सगळं पुस्तकांतून आणि शहरातून जमवता आलं. एक गोष्ट मात्र माझ्याच घरातली.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली. तेव्हा आम्ही उधन्याला भाड्याने राहत होतो आणि लेक आठ महिन्यांची होती. लाखो लोक शहर सोडत होते. औषधाच्या दुकानांपुढे टेट्रासायक्लिनसाठी रांगा. मी दोन पाकिटं मिळवली. बायकोने आणि मी गोळ्या सुरू केल्या. बाळाला हे औषध द्यायचं नसतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडीच्या डब्यात उभं राहायलाही जागा नव्हती. लेकीला मी खांद्यावर धरलं होतं आणि तिचा ताईत माझ्या कानाला लागत होता. त्या रात्री आमच्या दोघांच्या पोटात निदान गोळी होती. तिच्याजवळ फक्त तो ताईत होता.

मी विज्ञान शिकलेला. ताइताने काही होतं असं तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण त्या रात्री कुणी मला तो काढून ठेव म्हटलं असतं तर मी काढला नसता. अमळनेरला पोचलो तेव्हा आईने दार उघडून आधी नातीच्या गळ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. लेकीला काही झालं नाही. पुढच्या वर्षापासून महानगरपालिकेने शहर झाडून काढलं, सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. प्लेग गेला तो औषधाने आणि झाडूने, यात मला शंका नाही.

मात्र त्या प्रवासानंतर मला ताइताचे नियम कळले. आईने ते कधी लिहून दिले नव्हते, पण सगळे होते. सुतकात काढून देवळीत ठेवायचा. मूल पाच वर्षांचं झालं की उतरवायचा. उतरवला की त्या दिवशी कुणाला तरी जेवू घालायचं. घरात पुढचं मूल येईपर्यंत डब्यात, तांदळात ठेवायचा. आणि कधीही उघडायचा नाही. इमाम जामिनची मुदत, जाळायचा-पुरायचा तावीज, पहाटेचा मंत्र, गिरेबानाची अट, आणि आमच्या आईचे हे नियम शेजारी शेजारी ठेवून पाहा. धर्म वेगळे, वस्तू वेगळ्या. पण प्रत्येक ठिकाणी देणारा कोण ते ठरलेलं, पाळायच्या अटी ठरलेल्या आणि शेवट कसा करायचा तेही ठरलेलं. सुरतेचे हे रक्षक दागिने म्हणजे करार होते. चांदी ही त्यांची बाहेरची बाजू.

पंखांच्या साखळीत मला हेच सापडलं नाही. डबीत एक चिठ्ठी होती : पाण्यापासून दूर ठेवा, अत्तर लावू नका. त्या अटी चांदीसाठी आहेत, बाळासाठी नव्हेत. अर्थात देणाऱ्या मुलीची माया खरीच आहे. लेक म्हणाली, ‘बाबा, तिनं पहिल्या पगारातून घेतलंय.’ हे कळल्यावर त्या साखळीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. करार कदाचित असाही सुरू होत असेल.

छायाचित्र का नाही

कागद उघडल्याचं आईला सांगायला मला चार दिवस लागले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तिला वाटेल की ताईत बाटला. शिवाय आत काय निघालं तेही सांगायचं होतं. मी फार सांभाळून, प्रस्तावना करत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

‘माले माहीत शे,’ ती म्हणाली.

तिच्या सासूची पहिली दोन मुलं गेली होती. तिसऱ्या वेळी ती गाडीने सुरतेला आली होती, एका फकिराकडून हा ताईत घेऊन गेली आणि ते मूल, म्हणजे माझे वडील, जगलं. घरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पुरुषांना कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. ‘देणाराना देव येगळा व्हता,’ आई म्हणाली, ‘पन पोर ते आपलंच व्हतं.’

वर्षभर मी ग्रंथ उलटले, दर्गे फिरलो, आणि त्यातला निम्मा इतिहास माझ्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसला होता.

मी कागदाचा फोटो काढायचं ठरवलं होतं. इतिहासाचं साधन आहे, जपलं पाहिजे, चार लोकांनी पाहिलं पाहिजे, असं माझं म्हणणं. आई नाही म्हणाली. ‘सगळ्यांनी पाहिला तर मग तो राखील कोणाला?’ मी वाद घातला. संग्रहालयं, दस्तऐवज, आपलं मंडळ, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तांदळातले खडे बाजूला ठेवत होती. शेवटी मीच गप्प झालो. साधन माझं नव्हतं. करार तिचा होता आणि त्यात माझी सही नव्हती.

कागद पुन्हा गुंडाळला, नळीत घातला, त्याच सोनाराकडून ताजी लाख भरून घेतली. नवं कडं आधीच डाखून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे आतला कागद तापायला नको. नातवाच्या गळ्यात आता तोच काळा दोरा आहे. पंखांची साखळी पाळण्याच्या दांडीला बांधली आहे. तो ती पकडायला हात वर करतो.

मंडळाच्या संपादकांनी या लेखासाठी दोनदा छायाचित्र मागितलं. चौरसाचे आकडे वर दिलेच आहेत. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कागदावर नऊ घरं काढून आपल्या हाताने भरावा, बेरीज करून पाहावी. आणि घरात असा एखादा जुना ताईत असेल, तर तो उघडण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला एकदा विचारावं. बहुतेक वेळा उघडायची गरजच पडणार नाही.